क्रीम ऑइलपेंटखाली सोनं निघालंय: इगर्जीचं जुनं रूप परत आणायचं तर कसं?

रमेदीकर
नमस्कार मंडळी. मी मूळचा वसईचा, कामानिमित्त गोव्यातल्या सासष्टीत आलो आणि इथलाच झालो. घरात मराठी, इगर्जीत (चर्चमध्ये) कोंकणी. यंदा गावच्या फाब्रिकावर (इगर्जीच्या कारभार समितीवर) माझी निवड झाली आणि लगेच एका मोठ्या निर्णयाची वेळ आली. इथे गोव्यातले बरेच जाणकार आहेत, म्हणून विचारतो.

आमची इगर्ज पोर्तुगीज काळातली. मुख्य वेदीमागे छताला भिडणारं सागवानी मखर, अंगभर नक्षी. बाजूंना दोन लहान वेद्या. गावातली वयस्क माणसं सांगतात, पूर्वी भिंतीला पुल्पित (प्रवचनाचा उंच मंच) होतं, वेदीपुढे परमप्रसादासाठी गुडघे टेकायचा लाकडी कठडा होता, जमिनीत जुन्या थडग्यांच्या कोरीव शिळा होत्या. १९७० च्या दशकात मखराला क्रीम ऑइलपेंट लागला, कडांना डब्यातला सोनेरी रंग. पुल्पित आणि कठडा निघाला. पुढे शिळांवर चकचकीत टाइल्स बसल्या, लाकडी छताखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग आलं, आणि अलीकडे सायबिणीच्या (मारिया मातेच्या) मूर्तीमागे रंग बदलणारं एलईडीचं वलय. ज्यांनी केलं त्यांनी श्रद्धेनेच केलं. पण आत शिरलं की लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखं वाटतं आणि ते मला मनापासून खुपतं.

आता आखातात स्थिरावलेल्या इथल्याच एका कुटुंबाने मोठी देणगी देऊ केली आहे. अट एवढीच की इगर्ज "पूर्वीसारखी देखणी" व्हावी, आणि तीही पुढच्या फेस्तापर्यंत (इगर्जीच्या वार्षिक सणापर्यंत). एक ठेकेदार चित्र घेऊन आला. त्याचं म्हणणं, जुनं मखर वाळवीने खाल्लंय, काढून टाकू, त्याजागी फायबरचं नवं सोनेरी मखर बसवू, सीलिंगवर ढग आणि देवदूत रंगवू. अर्धी फाब्रिका खूश आहे.

तेवढ्यात सांक्रिस्तांवाने (इगर्जीची देखभाल करणाऱ्याने) मखराच्या पायथ्याशी सांडलेलं मेण खरवडलं आणि क्रीम रंगाची खपली निघून आली. खाली सोनं. कडेला सोनं झिजलंय तिथे विटकरी लाल, लालाखाली पांढरं, त्याखाली लाकूड. नखाएवढी जागा आहे, पण टॉर्च तिरका धरला की लखलखते.

माझं मत: फायबर नको, जुनंच उघडं करावं. विगार फादरांना दोन शंका आहेत. जुनं रूप परत आणणं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे १९६० च्या दशकात कॅथलिक उपासनेत बदल करणाऱ्या बिशपांच्या सभेच्या, विरोधात जाईल का? आणि हे काम करणारी माणसं आहेत कुठे?

मांडवीकाठ
फायबरला माझा सक्त विरोध. बाकी जाणकार बोलतील.

चुनावाळू
रमेदीकर, सर्वात आधी एक करा. मखराला आता कुणालाही हात लावू देऊ नका. उत्साहाच्या भरात कुणीतरी पेंट रिमूव्हरचा डबा घेऊन येईल आणि तिथे खरा घात होईल.

तुम्हाला जे थर दिसले ते असे असतात. सागवानावर आधी सरस आणि खडूच्या भुकटीचा पांढरा लेप, अनेक हात, घासून गुळगुळीत केलेला. त्यावर बारीक लाल माती, सरसातच कालवलेली. मग सोन्याचा वर्ख, आणि तो अकीकाच्या दगडाने घोटून चमकवलेला. वर्ख किती पातळ? एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला साधारण एक भाग. आणि हे सगळं ज्या सरसावर उभं आहे तो पाण्यात विरघळतो. ओल्या फडक्याने जोरात पुसलं तरी सोनं उठून येतं. कॉस्टिकचा रिमूव्हर लावलात तर क्रीम रंग, सोनं, लाल माती, पांढरा लेप, सगळं एका चिखलात उतरेल आणि हाती नुसतं लाकूड राहील. हीट गनही नको.

योग्य पद्धत कंटाळवाणी आहे. मखराच्या वेगवेगळ्या भागांत आगपेटीएवढ्या खिडक्या उघडून बघायचं: कुठे सोनं आहे, कुठे मूळचाच रंग आहे, वर किती थर चढलेत. प्रत्येक ठिकाणी कोणता द्राव चालतो ते कापसाच्या बोळ्याने तपासायचं. मग इंच इंच पुढे, काही ठिकाणी भिंगाखाली शस्त्रक्रियेच्या पात्याने. जिथे सोनं गेलंय तिथे सरसकट नवा वर्ख चढवायचा नाही. बारीक रेघांनी रंग भरतात. लांबून अखंड दिसतं, जवळून कळतं की ही आजची दुरुस्ती आहे.

फेस्तापर्यंत हे होणार नाही. देणगीदारांना आजच सांगा.

आणि याही आधी छप्पर. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कौल सरकलेलं असेल, मखरामागची भिंत ओली असेल, तर सोनं उघडं करून उपयोग काय? दोन पावसाळ्यांत उठून येईल. वाळवीसुद्धा बहुतेक वेळा भिंतीतूनच शिरते, जिथे लाकूड ओल्या जांभ्याला टेकलेलं असतं तिथून. मागून एक माणूस शिरेल एवढी फट आहे का बघा. जुन्या सुतारांनी बहुधा ठेवलेली असते आणि नंतरच्या लोकांनी त्यात मोडके बाक आणि नाताळचे थर्मोकोलचे गोठे कोंबलेले असतात.

बाणावलीची_लेक
मला थोडं वेगळं बोलायचं आहे. आमच्या इगर्जीतही असंच क्रीम आणि सोनेरी आल्तार (वेदी) आहे. माझ्या आईचं लग्न त्याच्यापुढे झालं, माझा बाप्तिझ्म तिथे झाला, आजीचं मरणाचं मीस (प्रार्थनाविधी) तिथे झालं. आमच्यासाठी जुनं तेच आहे. तुम्ही ज्याला मूळ रूप म्हणता ते बघितलेलं माणूस आज गावात किती उरलंय?

दुसरं, इगर्ज म्हणजे म्युझियम नव्हे. लोक तिथे गुडघे टेकायला येतात. वर्षभर परांची बांधून ठेवली, अर्ध्या इगर्जीत पडदे लावले, तर म्हाताऱ्यांनी जायचं कुठे? आणि एवढा पैसा आहे तर गावातल्या घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी काही करा, हा विचार फाब्रिकात कुणी मांडला का? रागाने विचारत नाही, खरंच विचारते.

रमेदीकर
ताई, वृद्धांचा मुद्दा बैठकीत निघाला होता. देणगी इगर्जीसाठीच म्हणून दिलेली आहे, पण मी तुमचं म्हणणं परत मांडेन. लोकांना आजचंच रूप आपलं वाटतं हेही खरं. म्हणूनच कुणालाही न विचारता एका रात्रीत बदल करावा असं मला वाटत नाही. १९७० च्या दशकात नेमकं तेच झालं होतं, आणि पुल्पित उतरवला त्या दिवशी अनेक जण रडले असं आजही सांगतात.

सेमिनरीत_शिकलेला
फादरांच्या शंकेबद्दल. मी काही वर्षं सेमिनरीत होतो, पाद्री झालो नाही, पण उपासनेचे दस्तऐवज तेव्हा नीट वाचले आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. तो पूर्ण वाचला तर त्यात जुन्या वेद्या फोडा, मखरं रंगवा, पुल्पित उतरवा असं एक वाक्य सापडत नाही. उलट कलम १२६ मध्ये बिशपांना बजावलं आहे की देवाच्या घराची शोभा असलेल्या मौल्यवान वस्तू विकल्या जाऊ नयेत, विखुरल्या जाऊ नयेत. कलम १२४ म्हणतं, नुसत्या थाटामाटापेक्षा उदात्त सौंदर्याकडे लक्ष द्या. वेदी भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करून मीस करता येईल, हे १९६४ च्या सूचनापत्रात आलं, आणि तिथेही शब्द "शक्यतो" अशा अर्थाचे आहेत.

मग घाई झाली. जगभर झाली. इतकी की १९७१ मध्ये रोमहूनच पत्र निघालं: सुधारणेच्या नावाखाली पवित्र जागांत अनुचित बदल झाले, अमोल कलाकृती विद्रूप झाल्या किंवा हरवल्या, आता सांभाळा. म्हणजे तुमच्या गावात क्रीम रंगाचा डबा उघडला गेला त्याच दशकात हे पत्र आलेलं होतं.

आज चालू असलेल्या मीसाच्या ग्रंथाच्या सूचनांत, कलम ३०३ मध्ये, तुमच्यासारख्याच इगर्जींचा विचार केला आहे. जुनी वेदी अशा जागी असेल की लोकांना सहभागी होणं अवघड जातं, पण कलेची हानी केल्याशिवाय ती हलवता येत नसेल, तर पुढे दुसरी स्थिर वेदी नीट, कलाकुसरीने बांधा आणि मीस फक्त तिच्यावर करा. लोकांचं लक्ष नव्या वेदीवर राहावं म्हणून जुन्या वेदीला फुलांची वेगळी आरास करू नका, एवढंच. मखर झाकून टाका असं कुठेच नाही.

तेव्हा फादरांना सांगा, सोनं उघडं करण्यात परिषदेशी काही भांडण नाही. आल्तिनोहून, आर्चबिशप हाउसकडून लेखी परवानगी मात्र आधी घ्या. आराखडा पक्का झाल्यावर जाऊ नका, सुरुवातीलाच जा.

जुनी_वाट
मग अर्धवट कशाला? मखर परत आणायचं तर मीसही त्या मखराकडे तोंड करून व्हावं. ती सगळी रचनाच त्यासाठी आहे. पाद्री आणि लोक एकाच दिशेला बघतात, नजर वर जाते. पुढे टेबल ठेवून मागचं सोनं नुसतं दाखवायचं, याला मी सजावट म्हणतो.

सेमिनरीत_शिकलेला
@जुनी_वाट, रचनेबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, मखर नजर वर नेण्यासाठीच घडवलेलं असतं. पण तुमचा रोख जुन्या लातिन मीसाकडे असेल, तर त्याबद्दल २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कडक बंधनं घातली आणि तो निर्णय एका गावच्या फाब्रिकाच्या हातातला नाही. मखर वाचवणं हातातलं आहे. दोन्ही एकत्र बांधलंत तर फादर घाबरून फायबर निवडतील.

जुनी_वाट
मतभेद कायम. पण फायबरपेक्षा काहीही बरं, हे मान्य.

डिचोलीकर
आमच्या देवळांची कथा अगदी हीच आहे म्हणून लिहितो. जीर्णोद्धार म्हटला की जुनं पाडायचं, स्लॅब टाकायची, ग्रॅनाइट बसवायचं. कावीची चित्रं किती गेली याची गणती नाही. ओल्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो कोरायचा आणि खालचा पांढरा चुना दाखवायचा, ही आपल्या कोकणपट्टीची खास कला. गिलावा पडायला लागला की सिमेंट मारून मोकळे. बांदोड्याला नागेशीच्या सभामंडपात रामायणाचे लाकडी कोरीव पट्टे अजून आहेत, ते बघताना दरवेळी धाकधूक वाटते की कुणीतरी भक्त रंगाचा डबा देणगी देईल.

आणि ही मखरं घडवली कुणी? आपल्याच चारी-चिताऱ्यांनी (सुतार-चित्रकारांनी). हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती करू नयेत असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले होते, तरी काम त्यांच्याकडेच येत राहिलं, कारण हात तेच होते. म्हणून गोव्यातल्या जुन्या पुल्पितांना खालून तोलून धरणाऱ्या नागिणी दिसतात, कमरेवर बाई आणि खाली सापाचं शेपूट. तेव्हा रमेदीकर, तुमच्या इगर्जीचं मखर वाचावं असं मला वाटतं ते परक्याच्या वस्तूबद्दलचं कौतुक म्हणून नाही. ते आमच्याही पूर्वजांचं काम आहे.

मांडवीकाठ
डिचोलीकर, क्या बात. आणि राशोलच्या छापखान्यात १६१६ साली ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली गेली, हेही याच धाग्यात नोंदवून ठेवतो. सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे.

स्विंडनची_खिडकी
मी इंग्लंडात, स्विंडनला. इथे गोंयकार खूप, रविवारी कोंकणीत मीस मिळतं.

इथलं एक उदाहरण देते. बर्मिंगहॅमचं सेंट चॅड्स कॅथेड्रल पुगिन या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकात बांधलं. वेदी आणि लोक यांच्यामध्ये त्याने केलेला कोरीव पडदा होता. १९६७ मध्ये नव्या उपासनेसाठी तो काढला. तो आज कुठे आहे? रेडिंगच्या एका अँग्लिकन चर्चमध्ये. कॅथलिकांनी काढून टाकलं, अँग्लिकनांनी जपलं.

उलट बाजूचं उदाहरण पॅरिसचं. नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ ला जळलं, डिसेंबर २०२४ मध्ये परत उघडलं. कळस पुन्हा ओकच्याच लाकडाचा उभारला, भिंती धुऊन मूळच्या उजळ केल्या. पण मुख्य वेदी नवी आहे, ब्राँझची, साधी, आजच्या कलाकाराने घडवलेली. जुन्याची नक्कल केली नाही आणि जुन्याशी स्पर्धाही केली नाही. तुमच्याकडे पुढची वेदी नव्याने करायची वेळ आली तर जुन्यासारखी दिसणारी करू नका. चांगल्या सागवानाची किंवा जांभ्याची साधी करा.

बाणावलीची_लेक
हे पटलं. मला नकोसं वाटतं ते नकली जुनं. आमच्याजवळच्या एका कपेलात (छोट्या प्रार्थनामंदिरात) फायबरचे खांब बसवलेत, वर संगमरवराच्या रेघा मारल्यात. बोटाने वाजवले तर डबा वाजतो. मुलं फेस्ताच्या दिवशी वाजवत बसतात.

जांभ्याचा_घर
मी म्हणतो, मखराबरोबर भिंतींचंही बघा. आतला बाहेरचा सगळा गिलावा काढून जांभा उघडा करा. जुन्या गोव्यातल्या बासिलिकासारखा अस्सल जुना लूक येईल. पाहुणे फोटो काढायला येतील.

चुनावाळू
@जांभ्याचा_घर, कृपा करून नको. बॉम जेझूची बासिलिका १५९४ ला सुरू झाली, १६०५ मध्ये पवित्र केली गेली, आणि तिचा जांभा उघडा ठेवण्यासाठी बांधलेलाच नव्हता. वर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली खरवडून काढला, कारण उघडा दगड जास्त प्राचीन दिसतो अशी कल्पना. तेव्हापासून पावसाचा मारा थेट दगडावर आहे. जांभा सच्छिद्र, पाणी पितो, भुसभुशीत होतो. बासिलिकेच्या रेक्टरांनीच काही वर्षांपूर्वी जाहीरपणे मागणी केली की गिलावा परत चढवा. आपल्या दोन-तीन पिढ्या तांबडी बासिलिका बघत वाढल्या, म्हणून तीच मूळ वाटते. बाणावलीच्या ताईंच्या आजीच्या आल्ताराचं आणि या गिलाव्याचं गणित एकच आहे: जे डोळ्यांना सवयीचं ते जुनं वाटतं.

रमेदीकर, तुमच्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा आहे का ते तपासा. गुडघ्यापासून कमरेपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटत असतील, पांढरी भुकटी येत असेल, तर आहेच. जमिनीतली ओल जांभ्यातून वर चढते, चुन्यातून सुकून निघून जाते, सिमेंटमागे मात्र कोंडते आणि वर वर सरकत मखरापर्यंत पोचते. सिमेंट काढून शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा करा, वर चुन्याचीच सफेदी. प्लॅस्टिक इमल्शन अजिबात नको.

टाइल्सबद्दल: ब्रेकर मशीन आत येऊ देऊ नका. एका कोपऱ्यात, हातोडी-छिन्नीने, दोन टाइल्स उचलून बघा. खाली चुन्याचा किंवा वाळूचा थर असेल तर शिळा वाचतील. थेट शिळेवर सिमेंट ओतलं असेल तर बाकीचं तसंच राहू द्या. पुढची पिढी अधिक चांगल्या हत्यारांनी करेल.

कुंकळ्ळीचा_चितारी
वाचत होतो, आता लिहितोच. आमच्या घरात लाकडाचं आणि लाखेचं काम पिढ्यांचं. माझ्या वडिलांनी त्या काळात इगर्जींची मखरं रंगवली आहेत, ऑइलपेंटने, फाब्रिकाच्या सांगण्यावरून. सोन्याचा वर्ख परवडत नव्हता आणि जुनं सोनं धुराने काळं पडलेलं होतं. लोकांना उजेड हवा होता. त्यांनी विचार केला, स्वच्छ दिसू दे.

ओळखायची खूण सांगतो. डब्यातला सोनेरी रंग म्हणजे पितळेची भुकटी. काही वर्षांत ती तपकिरी पडते, आणि मेणबत्तीजवळ, जिथे फुलांचं पाणी सांडतं तिथे, हिरवट होते. खऱ्या वर्खाला शंभर-दोनशे वर्षांनीसुद्धा काही होत नाही, फक्त वर काजळी बसते. तुमच्या कडेचे पट्टे बघा, ते तपकिरी झाले असणार. खालचं नखभर मात्र पिवळंधमक.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं. सागवान कुठलाच सुतार फेकत नाही. पुल्पित उतरवला म्हणजे जाळला असं धरून चालू नका. सांक्रिस्तीतल्या कपाटांच्या पाठी बघा, कोराच्या (गायकवृंदाच्या) माळ्यावर बघा, घंटेच्या जिन्याखाली बघा. मी स्वतः एका इगर्जीत कपड्यांच्या कपाटाचा खालचा फळा उलटा केला तर मागे द्राक्षवेलीची नक्षी होती. कठड्याचे खांब तर बाकांना पाय म्हणून लावलेले सापडतात.

वाळवीचं म्हणाल तर सुई टोचून बघा. मखराचा पाया पोखरलेला असेल, वरचा भाग बहुधा टणक असतो. पायापुरतं नवं सागवान जोडता येतं. संपूर्ण मखर टाकायला सांगणारा माणूस एक तर सुतार नाही किंवा त्याला ते सागवान हवं आहे.

डिचोलीकर
शेवटचं वाक्य प्रत्येक देवस्थान समितीच्या बैठकीत वाचून दाखवावं असं आहे.

वाळूचा_किल्ला
अवांतर: रमेदीकर वसईचे म्हणून आठवलं. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या इगर्जींच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत टांगल्या. मेणवलीला अजून आहे, भीमाशंकरलाही. वितळवून तोफा करता आल्या असत्या.

रमेदीकर
मेणवलीची घंटा लहानपणी वडिलांनी मुद्दाम दाखवली होती. तिच्यावर मारिया आणि बाळ येशू आहेत. गोव्यातही असंच: जुन्या गोव्यातल्या ऑगस्टीनियन मठाची घंटा आज पणजीच्या इगर्जीत वाजते. १८३५ च्या सुमारास मठ बंद झाले आणि तिथल्या कितीतरी वस्तू गावोगावच्या इगर्जींत गेल्या. आमचं मखरही तसंच कुठून आलेलं असावं का, ही शंका मला आहे, कारण ते भिंतीत नीट बसत नाही, वरचा भाग कापल्यासारखा वाटतो.

चुनावाळू
ते फॉल्स सीलिंगच्या वर चढल्याशिवाय कळणार नाही. एक पॅनल काढून बघा.

रमेदीकर
अपडेट. चिताऱ्यांनी सांगितलं तसं शोधलं. सांक्रिस्तांव, मी आणि गावातले एक निवृत्त सुतार.

कोराच्या माळ्यावर, जुन्या हार्मोनियमच्या खोक्यामागे, पोत्यात गुंडाळलेले पुल्पितचे फलक आहेत. सगळे नाहीत. त्यातल्या एकावर नागीण आहे, डिचोलीकर. केसांची वेणी घातलेली, कानात कुड्या, आणि शेपटाचे खवले एकेक कोरलेले. तिला कुणी रंगवलेलं नाही. तिच्या गालावर मूळचा रंग अजून आहे. विगार फादर वर चढून आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ही पहिल्यांदा लोकांना दाखवू. येत्या रविवारी मीसानंतर ती आणि मखरावरची ती उघडी जागा, दोन्ही सगळ्यांना जवळून बघायला ठेवणार आहोत.

फॉल्स सीलिंगचं पॅनल काढलं. मखराचा वरचा भाग कापलेला नाही. तो आहे, सीलिंगच्या वर, अंधारात. सगळ्यात वर देवपित्याची आकृती, हातात पृथ्वीचा गोल. सीलिंग त्याच्या छातीच्या खाली ठोकलंय. तिथे क्रीम रंगही पोचलेला नाही.

देणगीदारांशी फोनवर बोललो. सुरुवातीला नाराज होते, पुढच्या फेस्ताला आईला आणायचं होतं. फोटो पाठवले. आता म्हणतात, पहिल्या वर्षी छप्पर करा, सीलिंग काढा, एवढं फेस्तापर्यंत होईल ना?

चुनावाळू
होईल. आणि फक्त सीलिंग काढलं तरी तुमची इगर्ज निम्मी परत येईल, बघाच. तेव्हाच वायरिंग पूर्ण नवी करा, मखराच्या लाकडावरून एकही वायर नेऊ नका. ते रंग बदलणारं वलय काढा. पिवळसर उजेडाचे दिवे, बाजूने, तिरके. सोनं समोरच्या झगझगीत उजेडात मेल्यासारखं दिसतं, तिरक्या उजेडात बोलतं.

बाणावलीची_लेक
रविवारी मी येऊ का बघायला? आईलाही आणते. आणि माझी एक सूचना: क्रीम रंगाचा एक लहान भाग, बाजूच्या वेदीवर कुठेतरी, तसाच ठेवा. ती पन्नास वर्षंही इगर्जीचीच आहेत.

रमेदीकर
ताई, नक्की या. तुमची सूचना फादरांना खूप आवडली. संवर्धनवाल्यांच्या दृष्टीने चालेल का, चुनावाळू?

चुनावाळू
चालेल. तसा नमुना ठेवण्याची पद्धत आहेच.

करारात हे लिहून घ्या: काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक भागाचे फोटो, प्रत्येक टप्प्यात काय वापरलं त्याची नोंद, नमुन्याची खिडकी फाब्रिकाने मंजूर केल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि पैसे चौरस फुटावर नाही, टप्प्यावर. चौरस फुटाने पैसे दिले की माणूस घाई करतो. माणसं शोधताना जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथे जाऊन विचारा. फादरांना बरोबर न्या. स्वच्छ केलेला वर्ख आणि न केलेला वर्ख डोळ्यांनी बघितला की बैठकीत वाद कमी होतात.

कुंकळ्ळीचा_चितारी
पायाच्या सुतारकामाला माणूस लागला तर मी येईन. मजुरीचं नंतर बघू. आणि देणगीदारांच्या नावाची पाटी मखरावर ठोकू देऊ नका. दाराजवळ भिंतीत बसवा.

रमेदीकर
नक्की. आभार, सगळ्यांचे. अजून एक विचारायचं राहिलं. माळ्यावर शिंपल्यांच्या तावदानांच्या चार खिडक्याही मिळाल्या, जागोजागी शिंपले निखळलेत. ठेकेदार म्हणतो, अॅक्रिलिक बसवू, तसंच दिसतं.

जांभ्याचा_घर
तसं दिसत नाही. आमच्या घरी अजून आहेत. शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचेत नुसते सरकवलेले असतात, डिंक नाही, खिळा नाही. एक फुटला की पट्टी सैल करून दुसरा सरकवायचा. पडकी घरं उतरवतात तिथे शिंपले मिळतात, भंगारवाल्यांकडेही विचारा. माझ्याकडे जुने थोडे आहेत, रविवारी घेऊन येतो.